बिनवासाचे स्फटिक

१७ मे १९५७

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. मध्य भारत शासनाने छापली, आणि वर्ष संपायच्या आतच ते राज्य नव्या मध्य प्रदेशात विरघळले. कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा कॉलेजच्या स्टोअरमध्ये पडून होता, त्यातली एक मी उचलली. तारखा चालतील, वार खोडावे लागतील.

लिहिण्याचे कारण असे की संशोधन करणाऱ्याने प्रयोगाच्या वहीखेरीज एक खाजगी वही ठेवावी असे भय्यासाहेब सांगत. भय्यासाहेब म्हणजे माझे गुरू, आमच्या उज्जैनच्या कॉलेजातल्या रसायन विभागाचे माजी प्रमुख, आता इंदूरला निवृत्त. मी यज्ञेश्वर टोकेकर, वय चौतीस, त्याच विभागात नऊ वर्षे डेमॉन्स्ट्रेटर. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात कारकुनी करायला इकडे आले आणि माळवी पाण्याला चटावले, एवढाच आमचा इतिहास.

माझा पदार्थ आहे ॲसिटामाइड. व्हिनेगरमधले आम्ल आणि अमोनिया यांचे हे अपत्य. दिसायला पांढऱ्या सुयांचे स्फटिक, करायला सोपा, कुठल्याही प्रयोगशाळेत सापडणारा. त्याची बदनामी एका गोष्टीने झाली आहे: त्याला उंदरांचा वास येतो. पुस्तकांतही तसेच लिहिलेले असते. खरी गोष्ट अशी की वास त्याचा नव्हेच, त्याच्यातल्या मळाचा आहे. पुरता शुद्ध केला की ॲसिटामाइडला कसलाही वास नसतो. हे मला भय्यासाहेबांनी दाखवले, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि म्हणाले, "यातली स्वच्छ कुठली ते बघून नाही, हुंगून सांग." मी सांगितले. त्या दिवसापासून विभागात माझे नाक प्रसिद्ध आहे. लेबल गळालेली बाटली असली की अजून माझ्याकडेच आणतात.

माझ्या बायकोची, सुनंदाची, तक्रार आहे की माझ्या कोटाला उंदरांचा वास येतो. खरेच येतो. मलाही येतो.

२४ मे

या पदार्थात काय एवढे आहे, असे विलासने आज विचारले. विलास आमचा नवा सहकारी, सागरहून एम.एस्सी. होऊन आलेला, हुशार, केस फार विंचरतो. त्याला सांगितले ते इथेही लिहितो. ॲसिटामाइड ऐंशी-एक्याऐंशी अंशांना वितळतो, म्हणजे नुसत्या उकळत्या पाण्याच्या भांड्यावरही पातळ राहतो. आणि असा वितळलेला ॲसिटामाइड मीठही विरघळवतो आणि कापूरही. पाण्याला एकच जमते, बेंझीनला दुसरे. असा दोन्ही घरचा पाहुणा द्रावक विरळा. त्यात क्षार विरघळवून वीज किती वाहते ते मोजायचे, हे माझे काम.

आज पहिला घाण, एका खेपेचा माल, तिसऱ्या स्फटिकीकरणानंतर बिनवासाचा झाला. म्हणजे गरम बेंझीन आणि एथिल ॲसिटेटमध्ये विरघळवायचा, थंड करायचा, स्फटिक गाळायचे, आणि हे तीनदा. पहिल्यांदा उंदीर, दुसऱ्यांदा उंदराचे पिल्लू, तिसऱ्यांदा काही नाही. शुद्ध पदार्थातून वीज जवळजवळ वाहत नाही, काटा हललाच नाही म्हटले तरी चालेल. विलासच्या हातून आमचा चांगला जर्मन थर्मामीटर फुटला. मी नुसता काचा वेचायला लागलो, म्हणून त्याला फार वाईट वाटले.

१९ जून

मध्ये पंचवीस-सव्वीस दिवस गेले. गावात तापाची साथ आहे, अख्ख्या देशात आहे म्हणतात. आठ दिवस मी अंथरुणावर होतो. सुनंदाने शाळेतून रजा घेतली आणि माझे केले. ती माधव नगरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि रजा घ्यायचा तिला मनस्वी कंटाळा आहे, म्हणून लिहून ठेवतो.

ताप गेला, पण तोंडाला चव नाही. पेज काय आणि आमटी काय, सगळे सारखे. तापानंतरची जीभ.

पहिला घाण वाया गेला. या पदार्थाला हवेतला ओलावा आवडतो, झाकण जरा सैल राहिले की स्फटिकांचा चिकट गोळा होतो. आमचे प्रयोगशाळा सेवक बापू यांनाही ताप होता, त्यामुळे डेसिकेटरकडे, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या त्या काचेच्या भांड्याकडे, कोणी पाहिले नाही. पुन्हा पहिल्यापासून.

२७ जून

आज स्वतःचे थोडे कौतुक करतो. नवा घाण एकाच स्फटिकीकरणात बिनवासाचा झाला! बाटलीत नाक घातले, दोनदा, तीनदा. काही नाही. नऊ वर्षांनी हात बसला म्हणायचा.

बापूंना दाखवले. बापू भैरवगढचे, छिप्यांच्या घरचे, ठशांनी कापड छापणारी ती मंडळी. वयाने माझ्या वडिलांएवढे. बाटली नाकाशी धरून म्हणाले, "साब, इमें तो ऊंदरा की बास आवे हे."

मी म्हटले, "बापू, तुमच्या नाकात जुनी बास बसून राहिली आहे. बीस साल से तुम यही सूंघ रहे हो."

"आवे हे, साब."

"नहीं आती."

थोडा आवाज चढला माझा. बापूंनी बाटली खाली ठेवली, "आप कहो तो नी आवे," म्हणाले आणि फडके घेऊन टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छच होते.

४ जुलै

वितळणबिंदू साडेएकोणऐंशी आला. शुद्धाचा एक्याऐंशीच्या वर हवा. जरा चरकलो. मग थर्मामीटरवर संशय आला, कारण हा जर्मन गेल्यानंतरचा बाजारातला आहे. उकळत्या पाण्यात धरून पाहिला तर अठ्ठ्याण्णवाच्या जरा वर थांबला. पाणी शंभरावर उकळते. म्हणजे थर्मामीटर पावणेदोन अंश कमी दाखवतो. ते मिळवले की हिशेब बरोबर जुळतो: सव्वाएक्याऐंशी. उपकरण खोटे बोलले तरी नाक बोलत नाही.

१३ जुलै

काहीतरी घडते आहे. नव्या घाणातून वीज वाहते! थोडी नव्हे, मेच्या आकड्याच्या कितीतरी पट. पाच वेळा मोजले. भांडे धुऊन, वाफ देऊन, सुकवून सहाव्यांदा मोजले. तेच.

मळ असता तर वीज वाहिली असती, हे शाळेतल्या पोरालाही कळते. पण मळ नाही, वास नाही. मग उरते एकच: शुद्ध ॲसिटामाइड वितळल्यावर स्वतःच फुटतो, त्याचे थोडे कण आपण होऊन धन आणि ऋण होतात. पाणी करते तसे, पण अधिक. मेमधले मोजमाप चुकीचे असणार, तारा सैल असतील. हे खरे ठरले तर या साध्या, उंदीर म्हणून हिणवलेल्या पदार्थाकडे लोकांना नव्याने बघावे लागेल.

बापूंनी स्फटिकांच्या कपाटात उंदराचा पिंजरा लावला आहे. आत भाकरीचा तुकडा. विचारले तर म्हणाले, "लगा दियो साब, पड्यो रेवे तो कईं बिगड़े." तीन दिवसांत एकही उंदीर सापडला नाही. आमच्या खात्यात माणसे काम नसले की असली कामे काढतात.

२ ऑगस्ट

रविवार नव्हे, पण सुनंदा शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती आणि दूध चुलीवर ठेवून माझ्यावर सोपवून गेली. मी शेजारीच पाटावर बसून निबंधाचा मसुदा लिहीत होतो. ती आली तेव्हा पातेले काळे झाले होते आणि घरात धूर होता.

"अहो, पार कोळसा झाला! फाटकातून वास येतोय. तुम्हांला इथे बसून नाही आला?"

"लिहीत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरे वाटले असते. मग तिने पातेले उचलले आणि आवाज न करता घासायला बसली. अलीकडे ती माझा कोटही घरात घेत नाही, ओसरीवरच्या खुंटीला लावते. माझ्या कामाचा तिला कंटाळा आलेला दिसतो. कोटाला आता कसला वास आहे?

११ ऑगस्ट

नव्या विद्यापीठाच्या विभागात लेक्चररची एक जागा निघाली आहे. मुलाखत ऑक्टोबरात. अर्ज विलासचाही आहे, माझाही. त्याचे वय कमी, वर्ग पहिला. माझी नऊ वर्षे आणि हा निबंध.

न मिळाल्यास काय, तेही स्पष्ट आहे. चार राज्यांचे नोकर एका यादीत घालणे चालू आहे, आणि आमच्यासारखे डेमॉन्स्ट्रेटर जिथे जागा रिकामी तिथे पाठवतात. परवा एकाला सरगुजाकडे अंबिकापूरला धाडले. सुनंदाला उज्जैन सोडायचे म्हणजे शाळा सोडायची. तिने नकाशात अंबिकापूर काढून बोट ठेवले, अंतर मोजले आणि नकाशा गुंडाळून ठेवला.

निबंधाची प्रत घेऊन इंदूरला गेलो होतो, कारण निवड समितीवर भय्यासाहेब आहेत आणि त्याआधी गुरू आहेत. दोनदा वाचून म्हणाले, "यज्ञेश्वर, हे फार मोठं विधान आहे. पदार्थ शुद्ध होता?"

"सर, मी स्वतः हुंगून पाहिला."

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि चहा मागवला. चहा पाणचट होता. त्यांच्या घरी पूर्वी असा नसे.

परत आल्याबरोबर निबंध कलकत्त्याच्या नियतकालिकाला पोस्ट केला.

२९ ऑगस्ट

गणपती बसले. देवास गेटजवळून केवडा आणला. शुद्ध फसवणूक! एवढे मोठे कणीस आणि सुगंध औषधापुरताही नाही. सुनंदाला म्हटले, हल्ली फुलेवालेही बेइमान झाले. ती आरतीचे तबक तसेच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "असेल, जुना असेल." तिच्या डोळ्यांत पाणी होते. उदबत्तीच्या धुराने असावे.

प्रयोगशाळेत विलास नवा थर्मामीटर तपासत होता. उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन. "एकदम करेक्ट!" म्हणून खूश. आजकालच्या पहिल्या वर्गाला पावणेदोन अंश म्हणजे काहीच नाही.

२१ सप्टेंबर

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

स्टोअरची तपासणी चालू आहे. सगळ्या बाटल्यांवरची मध्य भारताची लेबले काढून मध्य प्रदेशाची लावायची. पावसाळ्यात सहा लेबले कसरीने खाल्लेली निघाली. बापूंनी त्या सहा बाटल्या ट्रेमध्ये घालून माझ्यापुढे ठेवल्या, नेहमीसारख्या, आणि लिहायला पेन्सिल घेऊन उभे राहिले. विलासही गंमत बघायला आला.

पहिली बाटली उघडली. पाणी असावे असे वाटले. तसे म्हणालो. बापूंनी लिहिले नाही. दुसरी. तीही पाणी. तिसरी उघडल्याबरोबर नाकात सुई गेल्यासारखे झाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. अमोनिया. ते मी डोळ्यांवरून ओळखले. वास असा काही नव्हता. नुसती टोचणी होती.

चौथी, पाचवी, सहावी. मग मी उठलो आणि फळीवरच्या लेबल असलेल्या बाटल्या काढू लागलो. ॲसिटिक आम्ल, पुन्हा नुसती टोचणी. क्लोरोफॉर्म. ॲनिलीन. एथिल ॲसिटेट, ज्याचा वास मला झोपेतही कळला असता. कापराची बरणी. एकेकात नाक घालत गेलो. काही नाही. कशातच वास नाही. विलास म्हणाला, "सर, बसा." बापूंनी माझ्या हातून बरणी काढून घेतली आणि झाकण लावले.

मी भ्यालो. हे दुसऱ्या शब्दात लिहिता येत नाही.

२२ सप्टेंबर

सकाळी ही डायरी पहिल्यापासून वाचली. माझ्याच अक्षरात सगळे लिहिलेले आहे. पेज आणि आमटी. एकाच स्फटिकीकरणात गेलेला वास. पिंजरा. दूध. केवडा. दुसऱ्याने लिहिलेली असती तर मी पाचव्या पानावर म्हटले असते, या माणसाचे नाक गेले आहे.

आणि थर्मामीटर. उज्जैन समुद्रकाठी कधी आले? आम्ही माळव्याच्या पठारावर दीड हजार फुटांहून उंच बसलो आहोत. इथे पाणी अठ्ठ्याण्णवाच्या जरा वर उकळते, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतो. थर्मामीटर बरोबर होता. साडेएकोणऐंशी हा खरा आकडा होता. वीज मळातून वाहत होती.

सुनंदा ओसरीवर वह्या तपासत होती. तिला विचारले, "माझं नाक गेलंय, तुला माहीत होतं?"

तिने लाल पेन्सिल खाली ठेवली. "जूनमध्येच. मोगऱ्याचा गजरा घालून तुमच्या शेजारी तासभर बसले, तुम्ही काहीच बोलला नाहीत. एरवी दारातून म्हणता, आज मोगरा का! मग हिंग जाळून पाहिला. मग दूध झालं."

"दूध तू मुद्दाम..."

"नाही हो. दूध खरंच विसरलात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला लागलं, तुम्हांला ठाऊक आहे आणि तुम्ही लपवताय. नाक म्हणजे तुमची मिजास. मुलाखत आहे, कशाला खामखा तोंडावर बोला. डॉक्टरीणबाईंना विचारलं मी, त्या म्हणाल्या, कधी येतं परत, कधी नाही." तिने पेन्सिल पुन्हा उचलली. "त्या तुमच्या पावडरीसाठी नाकच लागतं, हे मला कुठे माहीत होतं? मला लागलं यंत्रं असतील."

यंत्रे होती. मी ती खोटी पाडली.

दुपारी बापूंच्या घरी भैरवगढला गेलो. अंगणात छापलेली कापडे वाळत होती. त्यांनाही तेच विचारले. म्हणाले, "साब, म्हने तो पेलां दन कियो थो. आपने डांट्यो. फेर म्हने सोची, सच्ची में ऊंदरो वेगा." म्हणजे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, मी दटावले, आणि मग त्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून कपाटात खरोखरचा उंदीर शोधला. मला लाज वाटली. माफी मागितली. ते गडबडून चहा करा म्हणून घरात ओरडले.

२४ सप्टेंबर

जे डोक्यात येते तेही लिहिले पाहिजे, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

निबंध कलकत्त्याला आहे. तो तपासायला सहा महिने लागतील. मुलाखत पंधरा दिवसांवर. समितीसमोर कोणी बाटली उघडणार नाही. भय्यासाहेबांनी तर माझ्या नाकावर शिक्कामोर्तब केले आहे. सुनंदाला रसायन कळत नाही, बापूंना विचारणार कोण, विलास सज्जन आहे. जागा मिळाल्यावर, पुढच्या वर्षी, "सुधारित निष्कर्ष" म्हणून दुसरा निबंध लिहिता येईल. लोक करतात. सुनंदाची शाळा राहील.

हे सगळे मी शांतपणे विचारात घेतले, आणि त्यात तर्काची चूक सापडली नाही.

२७ सप्टेंबर

जूनच्या घाणातला थोडा भाग घेऊन पुन्हा स्फटिकीकरण केले. प्रत्येक वेळी बाटली बापूंच्या हातात. त्यांची पद्धत वेगळी आहे. आधी बाहेर जाऊन तोंड धुतात, ओल्या मातीचे ढेकूळ हुंगतात, मग बाटली. भैरवगढला रंगाच्या हंड्या अशाच पारखतात म्हणे, दोन हंड्यांमध्ये माती हुंगायची, म्हणजे पहिला वास निघून जातो. नऊ वर्षे हा माणूस माझ्या शेजारी उभा होता, आणि मी त्याला बाटल्या धुवायला देत होतो.

पहिले: "हे." म्हणजे वास आहे. दुसरे: "थोड़ीक हे." तिसरे: बराच वेळ घेतला. "हे साब. जरा." मी म्हटले, नक्की? या वेळी ते डगमगले नाहीत. चौथ्यांदा मान हलवली. "अब कईं नी."

वितळणबिंदू सव्वाएक्याऐंशी, काहीही न मिळवता. वीज: काटा हलला नाही. मेचा आकडा खरा होता. माझा शोध चार स्फटिकीकरणांत नाहीसा झाला.

जूनची उरलेली बाटली टाकून देणार होतो. टाकली नाही. चुकीचा नमुना म्हणून ठेवली.

२८ सप्टेंबर

कलकत्त्याला तार केली: निबंध मागे घेत आहे. भय्यासाहेबांना पत्र लिहिले, चार ओळींचे. मग सुनंदाला सांगितले. ती म्हणाली, "मुलाखतीनंतर केली असती तर चाललं नसतं?" मी म्हटले, चालले असते. ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "नाही, चाललं नसतं. तुम्ही मग वर्षभर माझ्याशी धड बोलला नसता." आणि नकाशा काढून भिंतीला लावला.

९ ऑक्टोबर

मुलाखत. पाच जण. निबंध मागे घेतल्याचे मीच आधी सांगितले. एकाने विचारले, "मग दाखवायला काय आहे?" शुद्ध ॲसिटामाइडमधल्या तीन क्षारांची मोजमापे पुढे ठेवली. साधी, कोणालाही नवल न वाटणारी.

"पदार्थ शुद्ध असल्याची खात्री काय?"

"वितळणबिंदू आणि वाहकता. वासाची तपासणी मी केली नाही, माझं नाक जूनपासून काम करत नाही. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या बापूंनी केली. तक्त्याखाली त्यांचं नाव आहे."

कोणीतरी हसले. भय्यासाहेब हसले नाहीत. ते तक्ता बघत होते, आणि मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनीच मला हुंगायला शिकवले होते. मला वाटते त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

३० ऑक्टोबर

जागा विलासला मिळाली. तो घरी येऊन गेला, पेढे आणले नाहीत, ही त्याची समज. योग्य माणूस आहे. तो जर्मन थर्मामीटर तेवढा त्याने फोडायला नको होता, एवढेच माझे त्याच्याविषयी म्हणणे.

माझा हुकूम आला. अंबिकापूर. १ डिसेंबरला रुजू. सुनंदा एप्रिलपर्यंत इथेच, मुलींची परीक्षा झाल्यावर येईल. सगळे ठरवून झाल्यावर ती म्हणाली, "तिथे एकटे असाल. दूध उतू गेलं, काही जळलं, तर कळणार कसं?" म्हटले, घड्याळ लावीन. त्यावर ती जे रडली, ते मी लग्नापासून पाहिले नव्हते. मलाही आवरले नाही. दोघेही ओसरीवरच होतो, समोरून लोक जात होते.

१७ नोव्हेंबर

सामान बांधतो आहे. बापू आले होते. भैरवगढचे एक छापील पांघरूण दिले, त्यांच्या भावाच्या हातचे. सवयीने मी ते नाकाशी नेले आणि थांबलो. बापू म्हणाले, "हरड़ा की बास हे साब, ने थोड़ी फिटकरी." मी पेटीवर लावायच्या यादीत लिहिले: पांघरूण एक, वास हिरड्याचा, निरीक्षक बापू. त्यांना वाचून दाखवले. हसले.

संध्याकाळी पुस्तकांच्या खोक्यात दोन बाटल्या निघाल्या. एक सप्टेंबरची शुद्ध, एक जूनची. जूनची न्यायची नव्हती. टाकण्यापूर्वी बूच काढले, खास कारण नव्हते.

काहीतरी होते. वास म्हणावा असे नव्हे. जुन्या कागदांच्या पेटीत हात घातल्यावर जे वाटते, तेवढेच. मी बूच लावले, पाणी प्यालो, अंगणातली ओली माती हुंगली, पुन्हा उघडले. होते.

पण माझ्या शब्दावर आता मी विश्वास ठेवत नाही. सुनंदाला बोलावले. डोळ्यांना पंचा बांधला आणि सांगितले, दोन्हीपैकी कुठलीही नाकाशी धर, काही बोलू नको, श्वासही अडखळू देऊ नको, आणि माझे उत्तर लिहीत जा. दहा वेळा केले. मध्ये दर खेपेला माती. ती एवढी गप्प होती की समोर आहे की नाही कळेना.

पंचा काढला. दहापैकी आठ बरोबर. तिसरे आणि सातवे चूक. चुका आधी लिहून ठेवल्या.

"उंदीर?" तिने विचारले.

"उंदीर."

तिने कागद पुन्हा पुन्हा तपासला, मुलींची उत्तरपत्रिका तपासावी तसा, आणि खाली लाल पेन्सिलीने सही केली. मी बाटली हातात घेऊन बसलो होतो. पंधरा वर्षे जो वास घालवायला धडपडलो तोच आधी परत आला, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की बूच लावायचे राहून गेले.

सुनंदा म्हणाली, "बूच लावा आता. घरभर वास सुटेल."

म्हटले, सुटू दे.